किरमिजी रंग, फड्या निवडुंग आणि एक चुकलेली ओळख : भारतातील कोचिनील कीटकाचा इतिहास

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात, गावकुसाबाहेर किंवा पडीक बांधावर उभ्या असलेल्या फड्या निवडुंगाच्या फडांवर अनेकदा कापसाच्या बारीक पुंजक्यांसारखे पांढरे ठिपके दिसतात. पाहणाऱ्याला ती बुरशी वाटते. असा एखादा ठिपका बोटाने चिरडला तर मात्र बोट गडद लाल रंगाने माखते. तो बुरशीचा डाग नसून कोचिनील नावाच्या खवले कीटकाची मादी असते. हा कीटक मूळचा भारतातील नाही आणि तो ज्यावर जगतो ती वनस्पतीही भारतातील नाही. निवडुंग कुलातील जवळजवळ सर्व वनस्पती अमेरिका खंडातील आहेत. आपल्याकडील तीनधारी निवडुंग, शेर इत्यादी चिकाळ वनस्पतींना लोकव्यवहारात 'निवडुंग' म्हटले जात असले तरी त्या एरंडाच्या कुलातील असून त्यांचा या कथेशी संबंध नाही.

कीटक आणि वनस्पती यांच्या परस्परसंबंधाचा विचार बहुधा जीवशास्त्राच्या व कृषिविद्येच्या अभ्यासक्रमात होतो. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. आल्फ्रेड क्रॉस्बी यांच्या १९७२ मधील 'द कोलंबियन एक्स्चेंज' या ग्रंथानंतर पिके, रोगजंतू आणि पाळीव प्राणी यांच्या खंडांतराला इतिहासात स्थान मिळाले. भारतीय पर्यावरणीय इतिहासलेखनात अरण्य, पाणी आणि शिकार हे विषय पुढे आले, परंतु खवले कीटकासारखा क्षुद्र जीव बाजूलाच राहिला. वस्तुतः ईस्ट इंडिया कंपनीच्या महसुली महत्त्वाकांक्षेपासून विसाव्या शतकातील कृषी खात्यांच्या मोहिमांपर्यंत एक सलग धागा या कीटकाने ओढलेला आहे. त्या धाग्याच्या प्रत्येक गाठीशी एकच प्रश्न उभा राहिलेला दिसतो : समोरचा कीटक नेमका कोणता आणि तो ज्यावर बसला आहे ती वनस्पती नेमकी कोणती? हा प्रश्न वर्गीकरणशास्त्राचा वाटला तरी त्याच्या उत्तरावर माणसांची उपजीविका अवलंबून राहिली, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

लाल रंगाचे अर्थकारण

मराठीतील 'किरमिजी' हा रंगवाचक शब्द अरबी-फारसीतील 'किर्मिझ' या शब्दावरून आला. त्याचे नाते 'कृमि' या संस्कृत शब्दाशी जोडले जाते. युरोपीय भाषांतील 'क्रिम्झन' आणि 'कार्माइन' हे शब्दही याच मुळाचे. लाल रंग किड्यापासून मिळतो ही जाणीव जुन्या जगात सर्वत्र होती, हे या शब्दपरिवारावरून दिसते. भूमध्य समुद्राभोवती ओकच्या झुडपांवरील किर्मिझ कीटक वापरात होता, तर भारतात पळस, बोर, कुसुम या वृक्षांवरील लाखेचा कीटक होता. लाखेपासून मिळणारा लाल रंग आणि मंजिष्ठ व आल यांच्या मुळांपासून मिळणारे लाल रंग यांवर भारतीय रंगाऱ्यांचा व्यवसाय उभा होता.

मेक्सिकोतील कोचिनीलने या सर्वांना मागे टाकले. त्यातील कार्मिनिक आम्लाचे प्रमाण इतके अधिक असते की थोड्या भुकटीत पुष्कळ कापड रंगते. नावाट्ल भाषेत त्याला 'नोचेझ्ट्ली', म्हणजे निवडुंगफळाचे रक्त, असे म्हणत. अॅझ्टेक सत्तेला मिळणाऱ्या खंडणीत कोचिनीलच्या थैल्यांचा समावेश होता. स्पॅनिश विजयानंतर हा माल युरोपात जाऊ लागला आणि मेक्सिकोच्या निर्यातीत चांदीखालोखाल त्याचे स्थान निर्माण झाले. एक पौंड वाळलेल्या कोचिनीलसाठी सुमारे ७०,००० कीटक लागत. ते वेचण्याचे, वाळविण्याचे आणि पुढील हंगामासाठी माद्या राखून ठेवण्याचे काम वाहाका प्रांतातील आदिवासी शेतकरी कुटुंबे करीत. या व्यापाराचा शेतीवरील परिणामही लवकरच दिसू लागला. १५५३ मध्ये त्लाश्काला नगराच्या स्थानिक सभेने अशी तक्रार नोंदविली की लोक मका सोडून निवडुंगच लावत सुटले आहेत. नगदी पिकाने अन्नाची जागा घेतल्याची ही तक्रार विदर्भ-मराठवाड्यातील कापसाचा इतिहास शिकविणाऱ्या प्राध्यापकाला अपरिचित वाटणार नाही.

स्पेनने या मालाचे रहस्य दीर्घकाळ जपले. वाळलेले कीटक दाण्यांसारखे दिसत आणि स्पॅनिश व्यापारी त्यांना 'ग्राना', म्हणजे दाणा, म्हणत. आपल्याकडील 'किरमदाणा' या शब्दातही तोच 'दाणा' आहे. युरोपातील विद्वान हा वनस्पतीचा दाणा की किडा यावर शतकभर वाद घालीत राहिले. लेव्हेनहूक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील कीटकाचे अवयव ओळखले, तरीही वाद संपला नाही. अखेर मेल्किओर द रॉयशर या डच गृहस्थाने एका पैजेपायी वाहाकातील कोचिनील-उत्पादकांच्या साक्षी नोंदवून आणविल्या आणि १७२९ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. शास्त्रीय प्रश्नाचा निकाल साक्षीपुराव्याने लागल्याचे हे उदाहरण मनोरंजक आहे. त्यातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते : कीटक व वनस्पती यांच्या संबंधाचे खरे ज्ञान वाहाकातील शेतकऱ्यांपाशी होते आणि युरोपला ते विकत घ्यावे किंवा चोरावे लागले.

चोरीचा प्रयत्न १७७७ मध्ये झाला. निकोला-जोसेफ तिएरी द मेनॉनव्हिल हा फ्रेंच निसर्गवैज्ञानिक आपला हेतू लपवून वेराक्रूझमार्गे वाहाकात पोहोचला आणि निवडुंगाच्या फडांसह जिवंत कीटक घेऊन कॅरिबियनमधील सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत परतला. १७८० मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि मागे राहिलेली पाळीव कोचिनीलची पैदासही टिकली नाही. त्याचा ग्रंथ १७८७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पेनची मक्तेदारी मोडता येते, हा विश्वास मात्र या घटनेने इतर वसाहतवादी सत्तांना दिला.

मद्रासची निवडुंगबाग

इंग्लंडमधील लोकरी कापडाच्या व्यवसायाला कोचिनीलची मोठी गरज होती. ब्रिटिश सैन्यातील अधिकाऱ्यांचे लाल कोट कोचिनीलने रंगविलेले असत आणि सामान्य शिपायांचे मंजिष्ठवर्गीय स्वस्त रंगाने. या एका तपशिलातूनही कोचिनीलची किंमत कळते. हा माल शत्रुराष्ट्राकडून घ्यावा लागत असल्याने कंपनीच्या मुलखात त्याची पैदास करण्याची कल्पना अनेकांना आकर्षक वाटली.

मद्रास येथील कंपनीचे ज्येष्ठ वैद्यक अधिकारी डॉ. जेम्स अँडरसन यांनी १७८६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून मद्रासनजीक गवतावर कोचिनीलसारखे कीटक सापडल्याचे कळविले. हे कीटक रंगाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरले. अँडरसन यांचा तर्क तसा अवास्तव नव्हता. खवले कीटक जगभर आढळतात आणि त्यांतील काही लाल रंग देतात. परंतु कार्मिनिक आम्ल विपुल प्रमाणात देणारे कोचिनील कीटक निवडुंगावरच जगतात, ही मर्यादा त्यांनी लक्षात घेतली नाही. कीटक आधी आणि वनस्पती नंतर, असा त्यांच्या शोधाचा क्रम होता. बँक्स यांनी तो उलटविला. आधी 'नोपाल', म्हणजे मेक्सिकन निवडुंग लावावा आणि मग कीटकाची वाट पाहावी, असे धोरण ठरले. १७८९ मध्ये मद्रासजवळ निवडुंगबाग स्थापन झाली. अँडरसन यांचे भाचे डॉ. अँड्र्यू बेरी यांच्याकडे तिची देखरेख आली. क्यू येथील वनस्पती उद्यानातून आणि पूर्वेकडील बंदरांतून रोपे मागविण्यात आली.

बाग तयार झाली, पण कीटक आला नाही. या रिकाम्या काळात अँडरसन यांनी निवडुंगाचे इतर उपयोग सुचविले. जहाजावरील खलाशांना स्कर्व्हीपासून वाचविणारी भाजी म्हणून त्यांनी त्याची शिफारस केली. दुष्काळात चारा व अन्न म्हणून निवडुंगाकडे पाहण्याची दृष्टीही याच काळात दिसते. तिचा पुढील इतिहास या निबंधाच्या अखेरीस येईल.

१७९५ : रिओहून कलकत्त्याला

१७९५ मध्ये ५२व्या पलटणीचे कॅप्टन नीलसन भारताकडे येत असता त्यांचे जहाज ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे थांबले. तेथे निवडुंगावर कोचिनील पोसला जात असल्याचे पाहून त्यांनी कीटकांसह काही झाडे सोबत घेतली. समुद्रप्रवासात बहुतेक कीटक मेले. उरलेले थोडे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात पोहोचले. विल्यम रॉक्सबर्ग हे तेव्हा उद्यानाचे प्रमुख होते. उद्यानातील आणि बंगालमध्ये पूर्वीपासून रुजलेल्या निवडुंगावर हे कीटक झपाट्याने वाढले आणि मद्रासकडेही पाठविण्यात आले. अनेक वर्षे प्रतीक्षा केलेला कीटक अखेर हाती आल्याचा आनंद काही काळ सर्वत्र होता.

तयार झालेला माल लंडनला गेला तेव्हा तो हलक्या प्रतीचा असल्याचे स्पष्ट झाले. मेक्सिकन शेतकऱ्यांनी पिढ्यानुपिढ्या जोपासलेला पाळीव कोचिनील, म्हणजे डॅक्टिलोपियस कॉकस, आकाराने मोठा असतो. त्याच्या अंगावर मेणाचा केवळ पिठासारखा थर असतो आणि त्यात रंगद्रव्य भरपूर असते. नीलसन यांनी आणलेला कीटक रानटी जातीचा होता. तो लहान असून कापसासारख्या दाट मेणात गुरफटलेला असे. त्यातून मिळणारा रंग कमी आणि मेण काढून टाकण्याची मेहनत अधिक. मद्रासची बाग १८०० च्या सुमारास बंद झाली. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी कृत्रिम रंगाचा शोध लावल्यानंतर पुढील काही दशकांत कोचिनीलची बाजारपेठच कोसळली. कंपनीच्या हिशेबात हे प्रकरण तोट्याचे म्हणून संपले.

निसर्गात ते संपले नाही. नीलसन यांचा कीटक पाळीव नसल्याने त्याला माणसाची गरज नव्हती. त्याची नुकतीच जन्मलेली पिल्ले अंगावरील लांब तंतूंच्या साहाय्याने वाऱ्यावर तरंगत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. मादी एकदा फडात सोंड रोवून बसली की जन्मभर तेथून हलत नाही. नर पंख असलेला, पण तोंडाचे अवयव नसलेला आणि अल्पायुषी असतो. रसशोषणाने फड पिवळे पडतात, गळतात आणि अखेर संपूर्ण झाड कोसळते. बंगाल, उत्तर आणि मध्य भारतातील निवडुंगाची दाट बने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या कीटकाने नष्ट केली. १८३६–३८ च्या सुमारास तो मुद्दाम दक्षिण भारतात नेण्यात आला, कारण तेथेही हा निवडुंग माजलेला होता. १८६० च्या दशकात तो श्रीलंकेतही पोहोचला. एखाद्या तणाच्या नियंत्रणासाठी कीटक हेतुपुरस्सर वापरल्याचे हे जगातील सर्वांत जुने यशस्वी उदाहरण मानले जाते. त्याची सुरुवात फसलेल्या व्यापारी उपक्रमातून झाली, हे त्याचे वैशिष्ट्य.

दोन नावे, दोन गफलती

हा कीटक एवढा विध्वंसक का ठरला? ज्या निवडुंगावर तो तुटून पडला तो ओपन्शिया मोनॅकँथा होता. त्याचे मूळ घर ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना हा प्रदेश. नीलसन यांनी आणलेला कीटकही त्याच खंडातील. म्हणजे वनस्पती आणि तिचा जुना शत्रू यांची भेट हजारो मैल दूर बंगालमध्ये पुन्हा घडून आली. मायभूमीत कीटकावर ढालकिडे आणि शिकारी अळ्या जगतात. त्यामुळे तेथे कीटकही मर्यादेत राहतो आणि निवडुंगही. कोचिनीलचा लाल रंग मुळात मुंग्यांसारख्या भक्षकांपासून बचावासाठी असल्याचे १९८० मध्ये प्रयोगाने दाखविण्यात आले. एका जातीची अळी तर तो रंग पचवून स्वतःच्या बचावासाठी वापरते, असेही त्याच अभ्यासात आढळले. भारतात निवडुंग आधी एकटा आला आणि शत्रूविना माजला. नंतर कीटक आला, तोही आपल्या शत्रूंना मागे टाकून.

त्या काळी हे कोणाच्याही ध्यानात आले नाही, याचे कारण दोन्ही जीवांच्या नावांत दडलेले आहे. रॉक्सबर्ग यांनी बंगालमधील निवडुंगाला 'कॅक्टस इंडिकस', म्हणजे भारतीय निवडुंग, असे नाव दिले. तो इतका सर्वत्र पसरलेला होता की परका वाटू नये. पुढे १८९६ मध्ये ई. ई. ग्रीन यांनी कीटकाचे शास्त्रीय वर्णन केले ते श्रीलंकेतील नमुन्यांवरून. त्यामुळे त्याला 'सिलोनिकस' हे नाव मिळाले आणि आजही तो डॅक्टिलोपियस सिलोनिकस म्हणूनच ओळखला जातो. दक्षिण अमेरिकेतील वनस्पती 'भारतीय' झाली आणि दक्षिण अमेरिकेतील कीटक 'सिंहली' झाला. वसाहतकालीन निसर्गविज्ञानाने जगाची सूची तयार केली हे खरे. परंतु त्या सूचीत नमुना जेथे हाती लागला तेथला पत्ता लिहिला गेला, मूळ घराचा नव्हे. या गफलतीला केवळ नामकरणाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. कीटक आणि वनस्पती एकाच भूमीतील आहेत हे कळले असते, तर पुढील शतकातील शोधाची दिशा फार आधी ठरली असती.

दख्खन आणि १९२६

ओपन्शिया मोनॅकँथा मागे हटल्याने दक्षिण भारताची निवडुंगापासून सुटका झाली नाही. मद्रास इलाख्याच्या कोरड्या जिल्ह्यांत आणि दख्खनमध्ये इतर जातींचे निवडुंग, मुख्यतः ओपन्शिया डिलेनाय आणि ओपन्शिया इलॅटिअर, पसरलेले होते. ते कॅरिबियन व मध्य अमेरिकेकडील. सिलोनिकस कीटक त्यांना तोंड लावीत नसे. दिसायला सारखीच दिसणारी काटेरी बने होती. त्यांतील काही कीटकाने साफ केली आणि काहींना त्याने स्पर्शही केला नाही.

गावपातळीवर या वनस्पतीचे स्थान संमिश्र होते. ती बांधावरचे फुकटचे कुंपण होती. दुष्काळात काटे जाळून तिचे फड जनावरांना घातले जात. तिची लाल बोंडे मुले खात आणि सौराष्ट्रात आजही त्या फळांचा रस विकला जातो. दुसरीकडे ती साप आणि रानडुकरांचा आश्रय होती, चराई अडवीत होती आणि तोडून टाकलेल्या प्रत्येक फडातून पुन्हा उगवत होती. तोडून, जाळून, पुरून ती संपत नसे, आणि त्यावर होणारा खर्च जमिनीच्या किमतीशी विसंगत असे.

उपाय ऑस्ट्रेलियामार्गे आला. त्या देशातही निवडुंगाची सुरुवात १७८८ मध्ये रंगाच्या हव्यासातूनच झाली होती. पहिल्या ब्रिटिश ताफ्याने रिओ द जानेरो येथूनच कोचिनीलसह निवडुंग नेला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील प्रश्न इतका उग्र झाला की क्वीन्सलंडने १९१२ ते १९१४ या काळात एक प्रवासी आयोग जगभर पाठविला. हा आयोग भारत आणि श्रीलंकेतही आला आणि सिलोनिकस कीटक घेऊन गेला. ऑस्ट्रेलियातील मोनॅकँथा त्यामुळे आटोक्यात आला. १९१३ मध्ये हाच कीटक दक्षिण आफ्रिकेतही गेला. नीलसन यांची चूक अशा प्रकारे सव्वाशे वर्षांनी भारतातून निर्यात होऊ लागली. ऑस्ट्रेलियातील इतर जातींसाठी मात्र अमेरिकेतून अन्य कीटक आणावे लागले. त्यांपैकी अर्जेंटिनातून १९२५ मध्ये आणलेल्या कॅक्टोब्लास्टिस या पतंगाने सुमारे २.४ कोटी हेक्टरांवरील निवडुंगाचा प्रश्न सोडविला. तेथील शेतकऱ्यांनी बूनार्गा येथे १९३६ मध्ये या पतंगाच्या स्मरणार्थ सभागृह बांधले.

ऑस्ट्रेलियात वापरलेल्या कीटकांपैकी डॅक्टिलोपियस ओपन्शिए हा मेक्सिको व दक्षिण संयुक्त संस्थानांतील कोचिनील १९२४ मध्ये श्रीलंकेत आणि तेथून १९२६ मध्ये दक्षिण भारतात आला. पद्धत अगदी साधी होती. कीड लागलेले फड कापून निरोगी झाडांवर ठेवायचे किंवा बांधायचे. बाकीचे काम वारा आणि पिल्ले करीत. जोराच्या पावसात पिल्ले धुऊन जातात, म्हणून कमी पावसाचा मुलूख या कीटकाला मानवतो. दक्षिणेतील निवडुंगग्रस्त मुलूख नेमका तसाच होता. पाच-सहा वर्षांत सुमारे ४०,००० हेक्टर क्षेत्र निवडुंगमुक्त झाल्याचे मानले जाते. मद्रास इलाख्याचे कीटकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामकृष्ण अय्यर यांनी १९३१ मध्ये निवडुंगावरील या खवले कीटकांविषयी लेखन केले, तेव्हा कीटकांच्या दोन जाती आणि त्यांची यजमान झाडे यांचा भेद पुरेसा स्पष्ट झालेला होता. १७९५ मध्ये जे कळले नव्हते ते कळण्यास १३० वर्षे लागली.

मादागास्करचा दाखला

भारतातील मोहिमेचा उल्लेख बहुतेक पाठ्यपुस्तकांत यशकथा म्हणून होतो. ते मूल्यमापन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. याच सुमारास घडलेल्या एका घटनेशी तुलना केल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही.

मादागास्करच्या दक्षिणेकडील आंद्रॉय या शुष्क प्रदेशात फ्रेंचांनी अठराव्या शतकात नेलेला निवडुंग 'राकेता' या नावाने रुजला होता. तेथील पशुपालक समाजाने त्याच्याभोवती आपले जीवन उभारले. गुरांना तो वर्षातील कोरड्या महिन्यांत चारा आणि पाणी दोन्ही पुरवीत होता. माणसे त्याची फळे खात. गावांभोवतीची त्याची दाट कुंपणे फ्रेंच सैन्यालाही ओलांडता येत नसत. १९२४ मध्ये मादागास्करमध्ये कोचिनील कीटक सोडण्यात आला आणि काही वर्षांत दक्षिणेतील राकेता जवळजवळ नष्ट झाला. गुरे मोठ्या संख्येने मेली आणि १९३०–३१ मध्ये तीव्र दुष्काळ पडला. पुष्कळ माणसे दगावली आणि पुष्कळ मजुरीसाठी प्रदेश सोडून गेली. कीटक कोणी आणि कोणत्या हेतूने पसरविला, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. परंतु वनस्पतीचा नाश आणि समाजाचे उन्मळून पडणे यांतील संबंधाबद्दल शंका राहिलेली नाही.

कीटकाचे वर्तन दोन्हीकडे सारखेच होते. सोंड रोवणे, रस शोषणे, वाऱ्यावर पसरणे यांत काहीही फरक नव्हता. फरक होता तो त्या वनस्पतीशी माणसांनी जोडलेल्या नात्यात. दख्खन आणि तिरुनेलवेलीत निवडुंग हा अडीअडचणीचा आधार होता, तर आंद्रॉयमध्ये तो रोजच्या जगण्याचा. कोणत्या कीटकाला 'उपकारक' म्हणायचे आणि कोणाला 'उपद्रवी', हे कीटकशास्त्र एकट्याने ठरवू शकत नाही. दक्षिण भारतातील ज्या भूमिहीन कुटुंबाची शेळी दुष्काळात बांधावरच्या फडांवर जगत होती, त्याला १९३० नंतरच्या निवडुंगमुक्त पडिकाचा लाभ झाला की तोटा, हा प्रश्न कृषी खात्याच्या हेक्टरांच्या हिशेबात बसणारा नाही. मौखिक इतिहासाच्या साधनांनी त्याचा मागोवा घेण्यास आता फार उशीर झाला आहे, ही खेदाची बाब होय.

स्वतंत्र भारतातही ही परंपरा पुढे चालली. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदल्या गेलेल्या गाजरगवतावर नियंत्रणासाठी मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा भुंगा १९८४ मध्ये बंगळूर येथे सोडण्यात आला. काही वर्षांनी कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसल्याने खळबळ उडाली आणि भुंग्याचा प्रसार काही काळ थांबवावा लागला. सूर्यफुलाच्या पानांवर पडलेल्या गाजरगवताच्या परागांमुळे तो तिकडे वळला, असे पुढील तपासात आढळले. 'हा कीटक कोणती वनस्पती खातो' हा १७९५ चा प्रश्न येथे पुन्हा उभा राहिला होता. या वेळी निदान तो विचारण्याची यंत्रणा अस्तित्वात होती.

काटेविरहित निवडुंग

हा इतिहास केवळ भूतकाळाचा राहिलेला नाही. गेल्या काही वर्षांत भारतातील शुष्क प्रदेशांत काटेविरहित निवडुंग, म्हणजे ओपन्शिया फायकस-इंडिका, चारापीक म्हणून लावण्याचे प्रयत्न वाढले आहेत. या नावातील 'इंडिका'देखील दिशाभूल करणारेच आहे, कारण ही वनस्पती मेक्सिकोतील आहे. जोधपूरची केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, झाशीची भारतीय चारा संशोधन संस्था आणि महाराष्ट्रात उरुळी कांचन येथील बाएफ यांनी या पिकावर काम केले आहे. केंद्र शासनाच्या भूमिसंसाधन विभागानेही पाणलोट विकासाच्या कार्यक्रमात त्याला स्थान दिले आहे. अत्यल्प पाण्यावर हिरवा चारा देणाऱ्या या पिकाचे महत्त्व सोलापूर, अहिल्यानगर, बीड या जिल्ह्यांतील पशुपालकाला समजावून सांगण्याची गरज नाही. अँडरसन यांची दुष्काळातील चाऱ्याची कल्पना सव्वादोनशे वर्षांनी अशी परत आली आहे.

मात्र १९२६ मध्ये सोडलेला डॅक्टिलोपियस ओपन्शिए हा कीटक भारतातच आहे. सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही. अन्य देशांतील अलीकडचा अनुभव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ईशान्य ब्राझीलमध्ये चाऱ्यासाठी लावलेल्या निवडुंगाची विस्तीर्ण क्षेत्रे याच कीटकाने उद्ध्वस्त केली. मोरोक्कोत तो २०१४ मध्ये आढळला आणि अल्पावधीत ग्रामीण कुटुंबांची निवडुंगाची कुंपणे व फळबागा नष्ट झाल्या. ऑस्ट्रेलियात ज्याच्या नावाने सभागृह उभे आहे तो कॅक्टोब्लास्टिस पतंगही १९५७ नंतर कॅरिबियन बेटांत सोडला गेला, १९८९ मध्ये फ्लोरिडात आढळला आणि २००६ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर पोहोचला. नोपाल हे ज्या देशाचे अन्न आहे, तेथे त्याला हुडकून नष्ट करण्याची मोहीम हाती घ्यावी लागली.

या संदर्भात दक्षिण आफ्रिकेतील संशोधन विशेष उपयुक्त आहे. तेथे डॅक्टिलोपियस ओपन्शिए या एकाच जातीचे दोन जैवप्रकार आढळले आहेत. एक मुख्यतः ओपन्शिया फायकस-इंडिकावर वाढतो, तर दुसरा ओपन्शिया स्ट्रिक्टावर, म्हणजे आपल्याकडील डिलेनायच्या निकटच्या आप्तावर. बाह्यतः दोघांत भेद दिसत नाही. दोघांचा संकर झाल्यास मात्र त्यांची संतती दोन्ही वनस्पतींवर जगू शकते. दक्षिण भारतात १९२६ पासून जो कीटक डिलेनाय आणि इलॅटिअरवर जगत आला, त्याच्या सवयी यांपैकी कोणत्या प्रकाराशी जुळतात यावर नव्या चारापिकाचे भवितव्य बऱ्याच अंशी ठरणार आहे. काटेविरहित निवडुंगाची रोपे ज्या बांधांवर लावली जात आहेत, त्यांच्या शेजारीच जुना काटेरी निवडुंग उभा आहे आणि त्याच्या फडांवर पांढरे ठिपके आहेत.